वर्किंग मॉडेलच्या पलीकडे

2018 साली मुंबईतल्या आर. एन. पोदार शाळेच्या विद्यार्थ्यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन केंद्राला एक प्रस्ताव पाठवला. वेगवान प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रातून गेले की किती वळतात ते मोजायचे आणि त्यावरून अवकाशातून येणाऱ्या किरणांपुढे पृथ्वीचे चुंबकीय कवच कसे वागते याचा छोट्या प्रमाणावर अंदाज घ्यायचा, असा त्याचा गाभा होता. ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’ या स्पर्धेसाठी जगभरातून जवळपास दोनशे प्रस्ताव आले. निवडले गेले दोन संघ. एक मनिलाच्या शाळेचा, दुसरा हा मुंबईचा. ज्या वयात आपल्याकडे प्रॅक्टिकलचे जर्नल कोणाचे उतरवायचे याची चर्चा चालते, त्या वयात ही मुले सर्नच्या शलाकेवर प्रयोग करायला गेली.

या स्पर्धेत मुलांकडे काय मागितले होते, ते पाहण्यासारखे आहे. हजार शब्दांचा प्रस्ताव आणि एक मिनिटाचा व्हिडिओ. यंत्र बांधून न्यायचे नव्हते, थर्माकोल कापायचा नव्हता, प्रमुख पाहुण्यांसमोर दिवा पेटवून दाखवायचा नव्हता. नेमका प्रश्न विचारता येतो का, आणि त्याचे उत्तर कोणत्या मापनातून निघेल हे सांगता येते का, एवढेच तपासले गेले.

ही कसोटी आपल्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला लावली तर किती टेबले उरतील? दरवर्षी तोच बाजार भरतो. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, सिरिंजवर चालणारा जेसीबी, पवनचक्कीवर लुकलुकणारा एलईडी आणि अलीकडे सेन्सर लावलेला ‘स्मार्ट’ कचराडबा. निम्मे सामान किट म्हणून तयारच मिळते. नागपूरकर पालक शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात जातात, किट आणतात, रविवारी जोडतात, सोमवारी मूल पाठ केलेली चार वाक्ये परीक्षकांना म्हणून दाखवते. परीक्षकांचा प्रश्नही ठरलेला: ‘याचा उपयोग काय?’ ‘हे तू मोजलेस का? किती आले? किती चुकले असेल?’ असे विचारणारा परीक्षक विरळा. प्रदर्शनात मॉडेल ‘वर्किंग’ असावे लागते. न चाललेल्या प्रयोगाला तिथे टेबलच मिळत नाही.

हे नागपूर विमानतळाला लागून असलेल्या मिहान या उद्योगक्षेत्राच्या संदर्भात बोलण्याचे कारण आहे. वर्धा रोडवर खापरी, शिवणगाव, जामठा या गावांच्या आजूबाजूला गेल्या दोन दशकांत जे उभे राहिले, तसे भौतिकशास्त्र विदर्भात दुसरीकडे कुठे एका जागी सापडणार नाही. बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेला विमान दुरुस्तीचा तळ इथे आहे. टाटांच्या कारखान्यात बोइंग 787 विमानाच्या फरशीखालच्या तुळया तयार झाल्या, त्याही पोलादाच्या नव्हे, कार्बन-फायबरच्या. दसॉ आणि रिलायन्सच्या कारखान्यात फाल्कन जेटचे भाग बनतात, आणि अख्खे फाल्कन 2000 विमान इथेच जोडून 2028 पर्यंत पहिले विमान बाहेर काढण्याची घोषणा जून 2025 मध्ये झाली. एम्स आहे, आयआयएम आहे. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तिथले रेडिओथेरपीचे लिनॅक म्हणजे इलेक्ट्रॉनना लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा देऊन धातूच्या पट्टीवर आदळवणारा आणि त्यातून क्ष-किरण काढणारा त्वरक. पोदारच्या मुलांना जो त्वरक पाहायला युरोप गाठावे लागले, त्याचा धाकटा भाऊ मिहानच्या शेजारी रोज सकाळी सुरू होतो.

आणि या सगळ्याला लागून असलेल्या शाळांतल्या मुलाला यातले काय दिसते? कुंपण, गेट आणि डोक्यावरून उतरणारे विमान. त्या आकाशातही त्याला प्रवेश नाही. विमानतळ इतका जवळ की ड्रोन उडवायचा तर परवानगी, फुगा सोडायचा तर परवानगी. ‘मेक इन इंडिया’चे सगळ्यात ठळक फलक जिथे लागले, तिथल्या मुलांचा विज्ञान प्रकल्प मात्र चार्ट पेपरवरचे विमान असतो.

महत्त्वाकांक्षी प्रकल्प म्हटले की पालकांच्या डोळ्यासमोर पैसा उभा राहतो. परदेशातल्या ज्या कहाण्या गाजतात त्याही तशाच. अमेरिकेतल्या टेलर विल्सनने 2008 मध्ये, चौदाव्या वर्षी, ड्युटेरियमच्या अणुकेंद्रांचे मीलन घडवणारे ‘फ्युजर’ हे यंत्र बांधले. पुढे मेम्फिसच्या जॅक्सन ओसवॉल्टने 2018 मध्ये, तेरावा वाढदिवस उजाडण्यापूर्वी, तेच करून गिनेस बुकात नाव नोंदवले. बातमीत मूल एकटे दिसते. विल्सनच्या मागे नेवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची प्रयोगशाळा आणि तिथले प्राध्यापक होते. ओसवॉल्टच्या मागे आईवडिलांचे हजारो डॉलर. यापैकी काहीच मागे नसले की काय होते, तेही अमेरिकेनेच पाहिले. मिशिगनच्या डेव्हिड हान या किशोराने धूर-सूचक यंत्रांतले अमेरिसियम आणि कंदिलाच्या जाळ्यांतले थोरियम गोळा करून आईच्या घरामागच्या शेडमध्ये अणुभट्टीचा उद्योग आरंभला. 1995 मध्ये पर्यावरण खात्याच्या माणसांना ती शेड उखडून किरणोत्सारी कचरा म्हणून न्यावी लागली. हुशारी तिन्ही मुलांकडे होती. हानच्या शेजारी ‘थांब, हे असे नको, असे कर’ म्हणणारे जाणते माणूस नव्हते.

भारतात तर फ्युजरसारख्या, क्ष-किरण निर्माण करणाऱ्या उपकरणाला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. विसेक हजार व्होल्ट घरच्या गॅलरीत खेळायची गोष्ट नव्हे. म्हणजे महत्त्वाकांक्षा सोडून द्यायची का? उलट. ती यंत्रावरून काढून मापनावर आणायची.

याचे एक उदाहरण नागपूरच्या मातीतलेच घेऊ. 26 मेच्या सुमारास नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्याच पायात विरते. रमण विज्ञान केंद्रात लोक ते पाहायला जमतात, फोटो काढतात, घरी जातात. पण त्याच दुपारी हैदराबादमध्ये एक मीटर उंचीच्या काठीची साडेसहा सेंटिमीटर सावली दक्षिणेकडे पडलेली असते. या दोन सावल्यांत पृथ्वीचा घेर दडलेला आहे. हैदराबाद जवळजवळ नागपूरच्याच रेखावृत्तावर, दक्षिणेला. साडेसहा सेंटिमीटर म्हणजे सूर्याच्या कोनात पावणेचार अंशांचा फरक. पावणेचार अंश हा पूर्ण वर्तुळाचा 96 वा भाग, आणि दोन्ही शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे 416 किलोमीटर. गुणाकार केला की चाळीस हजार किलोमीटरच्या आतबाहेर उत्तर येते. इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी केले ते हेच.

इथवर गोष्ट पाठ्यपुस्तकातली. खरे भौतिकशास्त्र काठी प्रत्यक्ष रोवल्यावर सुरू होते. सावलीची कड स्पष्ट नसते. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या टोकाची सावली सुमारे नऊ मिलिमीटर पट्ट्यात पुसट होत जाते. मुलाने पेन्सिल कुठे टेकवायची? अर्धा अंश इकडे-तिकडे झाला तर पृथ्वीचा घेर पाच हजार किलोमीटरनी फुगतो नाहीतर आक्रसतो. मग तोडगा शोधावा लागतो. काठीच्या टोकाला छिद्र पाडलेले पुठ्ठ्याचे चकले लावले की सावलीच्या मध्यभागी सूर्याची गोल प्रतिमा पडते, आणि गोलाचा मध्य मिलिमीटरपर्यंत खुणेने धरता येतो. चूक पाच हजारांवरून सहाशे किलोमीटरवर येते. ती आणखी कमी करायची तर काठी तीन मीटरची हवी. मग ती वाऱ्याने हलते. मग ओळंबा हवा, पाणसळ हवी, जमीन सपाट आहे का ते तपासायला हवे. बारा दहा ही वेळ गृहीत न धरता पाऊण तास आधीपासून दर दोन मिनिटांनी खूण करायला हवी, म्हणजे सर्वांत आखूड सावली हाती लागते. ओळंबा आणि पाणसळ मिहानमधल्या कुठल्याही बांधकामावरच्या गवंड्याकडे असते. ते कसे धरायचे हे तो विज्ञानाच्या शिक्षकापेक्षा चांगले शिकवेल.

आता गंमत अशी की 26 मेला शाळा बंद असतात. सूर्य पुन्हा डोक्यावर येतो 18 जुलैच्या आसपास, तेव्हा शाळा उघडलेल्या असतात पण आभाळ भरलेले असते. निसर्ग आणि शिक्षण खाते यांचे वेळापत्रक असे जुळत नाही. पण ज्या मुलाला प्रयोग कळला त्याला हेही कळते की शून्य सावलीची वाट पाहायची गरजच नाही. दोन शहरांतल्या कोनांचा फरक वर्षभर तोच राहतो. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नागपुरात एक मीटर काठीची माध्यान्ह सावली सुमारे 56 सेंटिमीटर असते, हैदराबादला सुमारे साडेसत्तेचाळीस. कोन काढा, वजाबाकी करा, पुन्हा तेच पावणेचार अंश. ज्या दिवशी रमण यांच्या नावाने भाषणे होतात त्या दिवशी हे सहज करता येईल. रमण स्वतः वित्त खात्याचे अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते.

नागपुरात हे बीज नाही असे मुळीच नाही. सुरेश अग्रवाल आणि त्यांच्या बेसिक सायन्स एज्युकेशनसाठी काम करणाऱ्या संस्थेने महापालिकेच्या साथीने चालवलेला ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ अनेक वर्षे भरतो आहे. महापालिकेच्या शाळांतली मुले तिथे फुगे, नळ्या, भिंगे, बाटल्या अशा साध्या वस्तूंनी प्रयोग करतात आणि येणाऱ्याला स्वतः समजावतात. ज्यांच्या घरी विज्ञानाचे पुस्तक नाही अशी मुले नामांकित शाळांच्या मुलांना दाब म्हणजे काय ते सांगत उभी असतात, हे दृश्य या शहराने अभिमानाने मिरवावे असे आहे. त्याची पुढची पायरी मात्र कोणी बांधलेली नाही. प्रयोग दाखवता आला, आता तोच मोजा. मोजला, आता चूक किती ते सांगा. सांगितली, आता ती कमी करा. एकाच प्रश्नामागे सहा महिने लागण्याची सोय ना मेळाव्यात असते, ना शाळेत.

7 फेब्रुवारी 2021 ला रामेश्वरमहून देशभरातल्या मुलांनी बनवलेले 100 चिमुकले ‘उपग्रह’ हेलियमच्या फुग्यांनी वर सोडण्यात आले. त्यात नागपूर महापालिकेच्या शाळांमधलीही मुले होती. सोल्डरिंग शिकलेल्या त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे, ते झालेही. फक्त मथळे विक्रमाचे होते. फुग्याबरोबर वर गेलेल्या तापमापकाची गोष्ट त्याहून सुरस असते: आपल्या अक्षांशांत साधारण सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत तापमान घसरत घसरत उणे ऐंशी अंशांच्या घरात जाते आणि तिथून वर चक्क वाढू लागते, कारण ओझोन सूर्याची अतिनील किरणे शोषून हवा तापवतो. आलेखातले हे वळण आपल्या हाताने बनवलेल्या डबीतून आलेल्या आकड्यांत पाहणे, हा त्या प्रकल्पाचा खरा ऐवज. विक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आलेख मुलाच्या वहीत राहायला हवा.

फसलेल्या प्रयोगाचे काय करायचे, हेही एकदा मोठ्यांनी चांगले दाखवून दिले आहे. देशातल्या 75 शाळांच्या 750 मुलींनी ज्याच्यासाठी काम केले तो ‘आझादीसॅट’ 7 ऑगस्ट 2022 ला इस्रोच्या नव्या छोट्या रॉकेटवरून निघाला आणि नीट कक्षेत पोचलाच नाही. दुसरा टप्पा विलग होताना बसलेल्या हादऱ्याने प्रवेगमापक काही क्षण भांबावले, ते बिघडलेच असे यानाच्या संगणकाने धरून टाकले, आणि यान गोल कक्षेऐवजी अशा लंबगोल कक्षेत गेले की तिचे एक टोक पृथ्वीपासून जेमतेम 76 किलोमीटरवर होते. इस्रोने कारण शोधून ते जाहीर केले. 10 फेब्रुवारी 2023 ला ‘आझादीसॅट-2’ कक्षेत गेला. यांतलीच एखादी मुलगी जर पहिल्या उपग्रहाचा प्रकल्प घेऊन जिल्हा प्रदर्शनात गेली असती तर ‘चालत नाही’ या शेऱ्यावर बाद झाली असती.

पैसा हा खरा अडसर नाही, हे म्हटले की शिक्षक चिडतात, आणि त्यांचे चिडणे समजण्यासारखे आहे. तरी हिशेब पाहू. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे. अशा दहा हजार लॅब झाल्या आणि आणखी पन्नास हजार सरकारी शाळांत काढण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. थ्रीडी प्रिंटर येतो, फीत कापली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी तो कापडाखाली झाकून ठेवलेला दिसतो, कारण मुलांसोबत तिथे बसायला शिक्षकाच्या वेळापत्रकात तास नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात कोणी सावली मोजत बसणार नाही.

अकरावी-बारावीत तर मूलच वर्गात नसते. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात, मुक्काम कोचिंग क्लासमध्ये. हे थांबवायला राज्य सरकारला 2018 मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, यातच सगळे आले. बारावीच्या भौतिकशास्त्रात 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि ते बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळतात. ज्याने मीटर ब्रिजला हात लावला त्यालाही, आणि ज्याने फक्त जर्नल उतरवले त्यालाही. ज्या गुणांनी काहीच ठरत नाही त्यांच्यासाठी कोणी का घाम गाळावा?

म्हणून मिहानमधल्या उद्योगांकडे मागणी निधीची नको. कंपनी कायद्याने सामाजिक कामांसाठी ठरवलेल्या दोन टक्क्यांतून शाळांना बाक, संगणक आणि दात्याचे नाव रंगवलेली पाण्याची टाकी मिळतच असते. मागायची ती माणसे. कार्बन-फायबरच्या भागात आत पोकळी राहिली आहे का, हे अल्ट्रासाउंडने तपासणारा तंत्रज्ञ महिन्यातून एक दुपार शाळेला मिळाला तर ध्वनीच्या वेगाचा धडा पुस्तकात राहणार नाही. लिनॅकवर उपचार सुरू होण्याआधी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ रोज यंत्राची मात्रा तपासतात. ती तपासणी नववीच्या दहा मुलांना काचेपलीकडून पाहू द्यायला कोणाची हरकत असू नये. त्याच माणसाने शाळेच्या दोन गायगर नळ्या एकावर एक लावून दिल्या तर आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण मोजता येतील. समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरेक जातात, आणि नळ्या तिरक्या केल्या की संख्या घटते. किती कोनाला किती घटते, याचा आलेख काढणे हा शाळेच्या वर्षभराचा प्रकल्प आहे, आणि त्याचा खर्च एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमी आहे.

यात अडचणी आहेत. मिहानमधल्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सेझच्या, कुंपणातून भंगाराचा तुकडा बाहेर काढायचा तरी कस्टमचे कागद आणि शुल्क लागते; कारखान्यातले जुने सुटे भाग शाळेला देऊन टाका, ही सूचना म्हणूनच भाषणात टाळ्या मिळवते आणि फाटकावर अडते. विमान कारखान्यांची सुरक्षाही खरीच आहे. पण माणसाच्या शनिवारवर शुल्क नाही. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने मिहानमधल्या उद्योगांना, एम्सला आणि आसपासच्या जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांना एका टेबलाशी बसवले आणि कोण कोणत्या शाळेला किती दुपारी देणार याची यादी केली, तरी पुष्कळ झाले. रविनगरच्या राज्य विज्ञान शिक्षण संस्थेकडे दुसरे काम आहे, आणि ते जास्त अवघड आहे. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत ‘काय मोजले’ आणि ‘चूक किती’ असे दोन रकाने घालावेत आणि मॉडेल चालले की नाही याचे गुण कमी करावेत.

ते होईल तेव्हा होईल. तोवर खापरीतल्या एखाद्या शाळेने काठी, ओळंबा आणि छिद्राचे चकले घेऊन येत्या 28 फेब्रुवारीला मैदानात उतरावे आणि त्याआधी हैदराबादच्या एका शाळेला फोन करावा. उत्तर सदतीस हजार किलोमीटर आले तर सदतीस हजारच लिहावे, आणि खाली का चुकले असेल तेही. यासाठी शिक्षण खात्याची मंजुरी लागत नाही, आणि विमानतळाचीही नाही.